पंधरा शिलिंगांचा मास्तर

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. ती एका तालुक्याच्या गावी कॉलेजात इंग्रजी शिकवते. शिकवते म्हणजे तासिका तत्त्वावर. ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: जितके तास घेतले तितक्यांचे पैसे, सुट्टीचे नाहीत, आणि जे मिळायचे ते कधी मिळतील ह्याची खात्री नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत, पुन्हा तीच झेरॉक्सची जाडजूड फाईल.

"मामा, एक फॉर्म आलाय. उत्कृष्ट अध्यापनाचा," ती म्हणाली. "पेपर किती छापले, सेमिनार किती केले, सर्टिफिकेटं किती, सगळ्याला रकाने आहेत. मी वर्गात नक्की काय करते, हे लिहायला मात्र जागाच नाही."

मी म्हटलं, "अगं, मग समासात लिही."

ती हसली नाही. फोन ठेवल्यावर माझं मलाच वाईट वाटलं. आपण ज्याला विनोद म्हणतो तो समोरच्याचा पगार असू शकतो, हे इतक्या वर्षांनी तरी कळायला हवं होतं.

मी काही इंग्रजीचा प्राध्यापक नाही. बँकेत नोकरी करता करता बाहेरून एम.ए. केलं, तेवढाच माझा त्या विषयाशी संबंध. पण त्या अभ्यासात एक गोष्ट हाताला लागली होती आणि ती अजून सुटलेली नाही. केंब्रिज विद्यापीठात इंग्रजी विभाग कसा सुरू झाला, त्याची ही गोष्ट. भाचीच्या फोननंतर ती पुन्हा आठवली. तिला फोनवर सांगायची राहिली, म्हणून इथे लिहितोय. (ताई, तू हे आधी वाचशील हे माहीत आहे. तिला लिंक पाठव.)

सुरुवातीलाच एक गंमत. आपल्याला वाटतं की इंग्रजी साहित्य हा विषय इंग्लंडात जन्मला, तिथे वाढला आणि मग बोटीत बसून आपल्याकडे आला. प्रत्यक्षात क्रम बराचसा उलटा आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली सुरू झालं आणि तेव्हापासून आपली पोरं इंग्रजी साहित्याच्या नेमणुका वाचून परीक्षा देत होती. केंब्रिजमध्ये मात्र इंग्रजीची स्वतंत्र पदवी परीक्षा, ज्याला तिथे ट्रायपॉस म्हणतात, ती मंजूर झाली १९१७ साली. म्हणजे साठ वर्षांनंतर! पुण्या-मुंबईची पोरं शेक्सपिअर घोकत होती तेव्हा केंब्रिजचे पंडित विचारत होते, की ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्याने इंग्रजी कविता वाचायला मास्तर कशाला हवा?

हा प्रश्न थट्टेवारी न्यायचा नाही. त्यात तथ्य होतं. ग्रीक-लॅटिन शिकताना व्याकरण येतं, चूक-बरोबर ठरवता येतं, मार्क देता येतात. कवितेला मार्क कसे देणार? ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीची चर्चा चालू होती तेव्हा, १८८७ साली, फ्रीमन नावाच्या इतिहासाच्या प्राध्यापकाने जाहीरपणे टर उडवली होती, की असा विषय काढलात तर शेलीच्या संसाराच्या चकाट्या पिटण्यापलीकडे त्यात काही होणार नाही. ह्या आक्षेपाला उत्तर म्हणून इंग्रजीवाल्यांनी एक ढाल पुढे केली: भाषाशास्त्र. जुनी अँग्लो-सॅक्सन भाषा, शब्दांच्या व्युत्पत्त्या, ध्वनिबदलाचे नियम. हे कठीण, म्हणजेच आदरणीय. ऑक्सफर्डने १८८५ साली इंग्रजी भाषा आणि साहित्याची म्हणून जी प्राध्यापकाची जागा काढली, तीवरही नेमलं एका भाषाशास्त्रज्ञालाच.

म्हणजे 'शिकवणं मोजता येत नाही, तर जे मोजता येतं ते शिकवू' हा आजार आजचा नाही.

केंब्रिजमध्ये पहिला बदल घडवला तो एका वर्तमानपत्रवाल्याने. 'डेली मेल'चा एक मालक हॅरल्ड हार्म्सवर्थ (हाच पुढे लॉर्ड रॉदरमिअर झाला) ह्याने १९१० साली वीस हजार पौंड देऊन सातव्या एडवर्डच्या नावाने इंग्रजीच्या प्राध्यापकाची जागा निर्माण केली. अट अशी, की ह्या प्राध्यापकाने विषय साहित्याच्या आणि रसिकतेच्या अंगाने शिकवावा, भाषाशास्त्राच्या नव्हे. पहिला प्राध्यापक व्हेरॉल हा मुळात ग्रीकचा माणूस, तो थोड्याच काळात वारला. मग १९१२ साली आला सर आर्थर क्विलर-कूच. 'क्यू' एवढ्या एकाच अक्षराने सही करणारा कॉर्नवॉलचा कादंबरीकार, आणि 'ऑक्सफर्ड बुक ऑफ इंग्लिश व्हर्स'चा संपादक. नेमणूक सरकारातून झाली आणि क्यू सत्ताधारी लिबरल पक्षाचा जुना कार्यकर्ता, तेव्हा कुजबूज झालीच. वशिल्याचा माणूस, संशोधन शून्य!

क्यू व्याख्यानाला झोकदार पोशाखात यायचा. युद्धाच्या दिवसांत वर्गातली मुलं आघाडीवर गेलेली आणि समोर बहुतेक मुलीच बसलेल्या, तरी तो सुरुवात 'सभ्य गृहस्थहो' अशीच करायचा, असा किस्सा सांगतात. आज हे ऐकून हसू येतं, पण त्यात काटा आहे. गर्टन आणि न्यूनम ही मुलींची कॉलेजं अनुक्रमे १८६९ आणि १८७१ साली निघालेली होती. मुली तासाला बसत, परीक्षा देत, पहिल्या येत. पण केंब्रिजने त्यांना पदवी आणि विद्यापीठाचं पूर्ण सदस्यत्व दिलं ते थेट १९४८ साली. क्यूच्या संबोधनात विद्यापीठाचं खरं मत होतं असं म्हणायला हरकत नाही.

पण क्यूची कामगिरी वेगळी आहे. त्याला स्वतःला मोठी समीक्षा लिहायची नव्हती. साहित्य ही जिवंत माणसांनी जिवंत माणसांसाठी करायची गोष्ट आहे, हे तो मनापासून मानत होता, आणि दुसऱ्यांना काम करू देत होता. वरच्या खुर्चीवर बसलेला माणूस आड येत नसेल तर ती केवढी मोठी मदत असते, हे ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना सांगायला नको.

आता ह्या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा माणूस. हेक्टर मन्रो चॅडविक. हा अँग्लो-सॅक्सनचा प्राध्यापक, जुन्या भाषांमधला प्रचंड विद्वान. साहित्याचा विद्यार्थी अँग्लो-सॅक्सन शिकलाच पाहिजे, ही सक्ती टिकण्यात सगळ्यात जास्त फायदा कोणाचा? चॅडविकचा. हुकमी विद्यार्थी, हुकमी महत्त्व. आणि १९१७ साली, युद्ध ऐन भरात असताना, निम्मं केंब्रिज रिकामं असताना, ही सक्ती काढावी म्हणून जोर लावला तो ह्याच चॅडविकने! त्याचं म्हणणं सरळ होतं. ज्यांना गोडी नाही अशांना दावणीला बांधून शिकवल्याने त्या मुलांचंही भलं होत नाही आणि माझ्या विषयाचंही होत नाही. चॅडविक, क्यू आणि स्टुअर्ट नावाचे आणखी एक गृहस्थ ह्यांनी मिळून तो अभ्यासक्रम मंजूर करून घेतला. अँग्लो-सॅक्सनला हात न लावता इंग्रजी साहित्याची पदवी घेता येईल अशी सोय झाली. दहाएक वर्षांनी चॅडविक आपला विषय घेऊन पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्राच्या विभागात निघून गेला, आणि तिथे त्याला हवे तसे थोडे पण हौशी विद्यार्थी मिळाले.

आपल्या विषयाचे तास कमी करा असं स्वतःहून म्हणणारा प्राध्यापक! मंडळी, तुमच्या पाहण्यात कोणी असेल तर कळवा. माझ्या तरी नाही.

युद्ध संपलं आणि खंदकांतून परत आलेली पोरं केंब्रिजात भरू लागली. नवा विषय, नवे विद्यार्थी, पण शिकवायला माणसं कुठे होती? तेव्हाची पद्धत अशी, की बहुतेक व्याख्याते विद्यापीठाचे पगारी नोकर नसायचे. व्याख्यानांची यादी छापली जाई, मुलं यायची, आणि आलेल्या मुलांकडून फी गोळा करून व्याख्याता पोट भरायचा. क्लासवाल्यांसारखंच म्हणा ना.

माणसं हुडकायचं काम अंगावर घेतलं मॅन्सफिल्ड फोर्ब्ज ह्याने. क्लेअर कॉलेजचा हा फेलो, शिकलेला इतिहास, स्वभावाने विक्षिप्त, आणि कविता वाचून दाखवण्यात अफाट. एकेक शब्द उचलून, उलटून पालटून, त्याचा आवाज, वजन, वास सगळं तपासत तो वाचायचा. साहित्यावर त्याने पुस्तक म्हणून काही लिहिलं नाही. कॉलेजच्या इतिहासाचे दोन जाडजूड खंड तेवढे त्याच्या नावावर आहेत.

१९१९ साली एके दिवशी त्याच्याकडे एक तरुण आला. नाव आयव्हर आर्मस्ट्राँग रिचर्ड्स. वय सव्वीस. तत्त्वज्ञान घेऊन पहिल्या वर्गात पास झालेला, पण क्षयाने शरीर पोखरलेलं, नोकरी नाही. डोंगर चढायचं वेड जबरदस्त. त्याचा बेत होता की स्कॉटलंडच्या स्काय बेटावर जाऊन गिर्यारोहकांचा वाटाड्या व्हायचं. फोर्ब्जच्या तिकडे ओळखी होत्या, म्हणून चार शिफारसपत्रं मागायला हा आलेला.

बोलता बोलता विषय निघाला वर्डस्वर्थचा. दोन तास गेले. शिफारसपत्रं राहिली बाजूला, आणि फोर्ब्जने ह्या वाटाड्याला सांगितलं की तू इंग्रजी विभागात व्याख्यानं दे. एक मालिका समीक्षेच्या तत्त्वांवर, एक आधुनिक कादंबरीवर. पगार? पगार नाही. जो विद्यार्थी येईल त्याच्याकडून पंधरा शिलिंग घे. (वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे डोईमागे पाऊण पौंड.)

विचार करा. माणसाकडे इंग्रजीची पदवी नाही, एकही पुस्तक नाही, कोणाचं पत्र नाही. आहे ते फक्त दोन तासांचं बोलणं. आज अशी नेमणूक करणाऱ्या विभागप्रमुखावर चौकशी बसेल आणि ती बसणं बरोबरही ठरेल, कारण दहातल्या नऊ वेळा अशा दोन तासांत पुतण्याच सापडतो! पण इथे फोर्ब्जने बरोबर माणूस ओळखला.

रिचर्ड्सच्या तासाला गर्दी होऊ लागली. ओग्डेनबरोबर लिहिलेलं 'द मीनिंग ऑफ मीनिंग' १९२३ साली आलं. व्याख्यानांतून तयार झालेलं समीक्षेच्या तत्त्वांचं पुस्तक १९२४ साली. पण मला त्याचं खरं मोठं काम वाटतं ते ह्यानंतरचं.

त्याने एक साधा उद्योग सुरू केला. वर्गात कविता छापून वाटायच्या. कवीचं नाव नाही, काळ नाही, काही नाही. आठवडाभर घरी नेऊन वाचा, कितीदा वाचलीत ते लिहा, आणि जे वाटतं ते लिहून आणून द्या. तुमचंही नाव घालू नका. पुढच्या तासाला रिचर्ड्स त्या टिपणांवरच व्याख्यान द्यायचा. वर्षानुवर्षं हे चाललं आणि त्यातून १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे पुस्तक झालं. तेरा कविता, आणि प्रत्येकीवर विद्यार्थ्यांच्या टिपणांचा ढीग.

निकाल हादरवणारा होता. इंग्लंडातल्या सगळ्यात महागड्या शाळांतून आलेली ही मुलं. नाव काढून घेतल्यावर जॉन डनच्या कवितेची त्यांनी रेवडी उडवली. हॉपकिन्स कळला नाही, लॉरेन्स आवडला नाही. अजिबात नाव नसलेल्या कवींच्या गुळगुळीत, गोड ओळींवर मात्र अनेकजण खूश झाले. आणि नुसती आवडनिवडच नव्हे, तर ओळीचा साधा सरळ अर्थसुद्धा पुष्कळांना लागत नव्हता.

रिचर्ड्सच्या जागी दुसरा मास्तर असता तर त्याने काय केलं असतं? 'हल्लीची पोरं!' म्हणून कपाळावर हात मारला असता, आणि टिपणं स्टाफरूममध्ये वाचून दाखवली असती. रिचर्ड्सने ती एखादा डॉक्टर रक्ताचे नमुने बघतो तशी बघितली. चुका कुठे होतात, का होतात, त्याची दहा कलमी यादी केली. वाक्याचा अर्थच न लागणं. शब्दांचा नाद कानावर न पडणं. कवितेतल्या एखाद्या शब्दाने स्वतःची जुनी आठवण जागी होणं आणि मग कविता सोडून तिच्याच मागे धावणं. ठोकळेबाज प्रतिसाद: आई म्हटलं की गहिवर, देश म्हटलं की छाती फुगणं, कवीने काय म्हटलंय ते न बघताच. अतिभावुकता, आणि तिच्या उलट भावनेचीच भीती. कविता आपल्या श्रद्धेच्या विरुद्ध जाते म्हणून वाईट ठरवणं...

यादी वाचताना मला घाम फुटला होता. ह्यातली प्रत्येक चूक मी स्वतः केलेली होती, आणि एम.ए.ला त्यावर मार्कही मिळवलेले होते.

त्या कामामागचं गृहीत मला महत्त्वाचं वाटतं. विद्यार्थ्याला कळलं नाही हा विद्यार्थ्याचा गुन्हा नाही, ती शिकवणाऱ्याला मिळालेली माहिती आहे. आणि ती खरी मिळायची असेल तर विद्यार्थ्याला भीती वाटता कामा नये, म्हणून नाव घालायचं नाही. एवढी साधी गोष्ट. तिला ना निधी लागतो, ना समिती.

ह्याच वातावरणात एक पोरगा गणित सोडून इंग्रजीकडे आला: विल्यम एम्पसन. रिचर्ड्सकडे शिकवणीला यायचा. एका तासाला त्याने शेक्सपिअरच्या एका सुनीतातून एकापाठोपाठ एक अर्थ काढायला सुरुवात केली. रिचर्ड्सने त्याला सांगितलं की जा, हे लिहूनच आण. दोन आठवड्यांत पोरगा टंकलिखित कागदांची चळत काखेत मारून परत आला. त्यातून १९३० साली 'सेव्हन टाइप्स ऑफ अँबिग्युइटी' हे पुस्तक झालं. तेव्हा त्याचं वय चोवीस. ह्याच एम्पसनला १९२९ साली त्याच्या खोलीत संततिनियमनाची साधनं सापडली म्हणून कॉलेजने काढून टाकलं होतं, आणि दिलेली शिष्यवृत्तीही गेली होती. चांगलं शिकवण्याची आणि चांगल्या विद्यार्थ्याला घालवण्याची सोय एकाच इमारतीत असते!

ही गोष्ट इथेच संपवली तर ती छान सुखांत होते. फीवर जगणारे मास्तर, मोकळं वातावरण, प्रतिभेला वाव. पण तसं करणं खोटं होईल, म्हणून पुढचंही सांगतो.

१९२६ साली केंब्रिजचे नियम बदलले. विद्याशाखा रीतसर स्थापन झाल्या, व्याख्याते विद्यापीठाचे पगारी नोकर झाले. ज्यांना त्यात जागा मिळाली त्यांना स्थैर्य मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं. क्षयातून उठलेल्या माणसाने पंधरा-पंधरा शिलिंग गोळा करत म्हातारं व्हावं, ही काही आदर्श व्यवस्था नव्हे. पण जागा मोजक्याच, आणि दाराशी उभे असलेले जास्त. आता कोणीतरी ठरवणार की आत कोण आणि बाहेर कोण.

बाहेर राहिलेल्यांत होता फ्रँक रेमंड लीव्हिस. केंब्रिज गावातल्याच एका पियानोच्या दुकानदाराचा मुलगा, महायुद्धात जखमींची ने-आण करून आलेला. रिचर्ड्सच्या तासांना जाणारा, क्यूच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट केलेला. १९२६ साली त्याने जॉइसची 'युलिसीझ' वर्गात वापरायची म्हणून मागवायची परवानगी विचारली. पुस्तकावर बंदी होती. सरकारी वकिलांच्या प्रमुखाने थेट कुलगुरूंना पत्र घातलं आणि लीव्हिसला कुलगुरूंपुढे खुलासा करावा लागला. १९२७ साली त्याला तात्पुरती नेमणूक मिळाली. १९३१ साली तिची मुदत संपली आणि पुढे कायम केलं नाही. १९३६ साली अर्धवेळ जागा मिळाली, पूर्ण वेळ व्हायला १९४७ उजाडलं. मधल्या काळात, १९३२ पासून, तो आणि त्याची बायको क्वीनी आणि त्यांचे विद्यार्थी 'स्क्रूटिनी' नावाचं त्रैमासिक चालवत होते. एकवीस वर्षं चाललं ते. डाउनिंग कॉलेजातल्या त्याच्या शिकवणीतून तयार झालेली मुलं देशोदेशी इंग्रजीचे मास्तर झाली.

लीव्हिस भांडखोर होता, संशयी होता, नंतर तर अगदी असह्य झाला, हेही खरं. पण माणूस आधी कडवट होता म्हणून बाहेर ठेवला, की बाहेर ठेवला म्हणून कडवट झाला, हे ठरवणं कठीण आहे. तासिका तत्त्वावर दहा वर्षं काढलेल्या कोणाशीही बोलून बघा.

आणि क्वीनी? गर्टनची विद्यार्थिनी. तिचा प्रबंध 'फिक्शन अँड द रीडिंग पब्लिक' १९३२ साली पुस्तकरूपाने आला. सामान्य माणसं काय वाचतात ह्याचा इतक्या गांभीर्याने अभ्यास इंग्लंडात फार कोणी केलेला नव्हता. तिने आयुष्यभर कॉलेजांतल्या मुलामुलींना शिकवलं. विद्यापीठाची कायम व्याख्यात्याची जागा तिला कधीच मिळाली नाही. लीव्हिसच्या निदान तक्रारी तरी इतिहासात नोंदल्या गेल्या.

अजून एक उपकथा, आपल्याला जवळची. रिचर्ड्सच्या त्या उद्योगाचं काय झालं? १९२६ च्या फेररचनेत त्यावर परीक्षेचा पेपर आला. अनोळखी उतारा द्यायचा आणि विद्यार्थ्याने त्यावर लिहायचं. तिथून तो प्रकार जगभर पसरला, आपल्या विद्यापीठांतही आला. आणि आपल्याकडे काय झालं ते सांगायला नको. गाइडं आली. 'कवीने येथे रूपकाचा समर्पक वापर केला आहे' हे वाक्य कुठल्याही कवितेला चालतं, हे माझ्या पिढीला दहावीतच कळलं होतं. ठोकळेबाज प्रतिसाद पकडण्यासाठी जे जाळं विणलं, त्यातूनच ठोकळे पाडायचा साचा तयार झाला. ह्यात रिचर्ड्सचा दोष नाही. वर्गात एका माणसाने कुतूहलाने केलेली गोष्ट कागदावर सक्तीची झाली की बहुधा असंच होतं.

आपल्याकडेही इंग्रजी शिकवणाऱ्यांची केवढी मोठी रांग आहे. मर्ढेकर, विंदा, धारवाडला जीए, नाशिकला कानेटकर, मुंबई विद्यापीठात रा. भा. पाटणकर. ह्यांची पुस्तकं आपल्याकडे आहेत. पण त्यांच्या वर्गात काय व्हायचं ते फक्त त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आठवणीत आहे, आणि ते विद्यार्थीही आता कमी होत चाललेत. ज्यांनी पुस्तकं लिहिली नाहीत, फक्त शिकवलं, त्यांचं तर नावही उरत नाही. फोर्ब्जचं नाव उरलं, कारण रिचर्ड्स आणि टिल्यार्ड ह्या त्याच्या सहकाऱ्यांनी मोठेपणाने सांगितलं की कविता शब्द-शब्द वाचायची दृष्टी आम्हाला ह्या माणसाकडून मिळाली. टिल्यार्डने १९५८ साली त्या दिवसांवर 'द म्यूज अनचेन्ड' हे पुस्तक लिहिलं नसतं तर आपल्याला तेही फारसं कळलं नसतं. फोर्ब्ज १९३६ सालीच वारला होता. भाचीच्या फॉर्ममध्ये फोर्ब्जचे रकाने भरायचे तर? पेपर: निरंक. सेमिनार: निरंक. २०१० साली यूजीसीने एपीआयचे गुण आणले होते, त्या हिशेबात तर त्याची बढतीच झाली नसती.

मग चांगलं शिकवण्याला आधार द्यायचा म्हणजे करायचं तरी काय? मला ह्या गोष्टीतून एवढंच दिसतं, की तो आधार प्रत्येक वेळी कोणा माणसाने काहीतरी सोडल्यामुळे मिळाला. चॅडविकने आपले हुकमी विद्यार्थी सोडले. क्यूने आपलं वर्चस्व सोडलं. फोर्ब्जने स्वतःच्या नावाचा लोभ सोडला. रिचर्ड्सने मास्तरची ऐट सोडली, पोरांच्या चुकांपुढे विद्यार्थी होऊन बसला. आणि जिथे कोणी काही सोडायला तयार नव्हतं, तिथे लीव्हिस दाराबाहेर राहिला आणि क्वीनी त्याच्याही मागे. पगार, जागा, नियम हे सगळं लागतंच. त्याशिवाय पुढचं काही बोलणं म्हणजे उपाशी माणसाला आरोग्याचं व्याख्यान देणं. पण ते मिळाल्यावरही शिल्लक राहतं ते हे, आणि ह्याचा जीआर निघत नाही.

असो. हे सगळं मी मागच्या रविवारी भाचीला फोन करून थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, "मामा, रिचर्ड्स आम्हाला एम.ए.ला होता. पण पंधरा शिलिंगांचं कोणी सांगितलं नव्हतं."

परवा तिचा मेसेज आला. तिने द्वितीय वर्षाच्या वर्गात एक छोटी इंग्रजी कविता वाटली, कवीचं नाव न घालता. एकतीस मुलं होती. नाव घालू नका, मराठीत लिहिलंत तरी चालेल, असं सांगितलं. निम्म्या कागदांवर गाइडची भाषा, चार कोरे. एका कागदावर मात्र मराठीत दोनच ओळी होत्या: तिसरी ओळ मला समजली नाही, पण ती वाचताना आजी दारात उभी राहायची ते आठवलं.

रिचर्ड्सच्या यादीप्रमाणे ही चूक. कविता सोडून स्वतःच्या आठवणीमागे धावणं. मी तसं तिला म्हटलंही, थोडी विद्वत्ता दाखवावी म्हणून.

"असेल," ती म्हणाली. "पण मामा, ज्याला आपल्याला कुठली ओळ समजली नाही हे सांगता आलं, त्याने कविता वाचली की नाही? मी उद्या त्या तिसऱ्या ओळीपासूनच सुरुवात करणार आहे."

फॉर्म तिने भरून दिला. वर्गात काय करते ते खरंच समासात लिहिलंय म्हणे, बारीक अक्षरात. मागच्या तीन महिन्यांचे पैसे अजून यायचेत.